ट्रायल रूममधलं अस्वल

मास्तरांच्या दुकानात माप घेण्याची एक रीत होती. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाला फीत लावत आणि आकडा पुकारत. काउंटरमागे काज करत बसलेल्या मास्तरीणबाई सुई थांबवून तोच आकडा परत म्हणत आणि चिठ्ठीवर उतरवत. त्यांचा आवाज कानावर पडला की मगच मास्तरांची फीत पुढच्या जागी सरकायची.

"छाती चाळीस."

"चाळीस."

"कंबर..." इथे मास्तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे एकदा बघून आवाज खाली आणत, कारण कंबरेचा आकडा हा ज्याचा त्याचा घरगुती मामला. "कंबर बेचाळीस."

"बेचाळीस," मास्तरीणबाईही तितक्याच हळू म्हणत. सांत्वन केल्यासारखं.

लग्न झाल्यापासून हे असं चाललं होतं. लग्नात आपण कसली कसली वचनं दिली हे मास्तर केव्हाच विसरले होते. त्यांच्या लेखी संसार म्हणजे एवढंच: आपण म्हणायचं आणि तिनं परत म्हणायचं. अर्थात हे फक्त मापांपुरतंच खरं होतं. बाकी कुठल्याही बाबतीत मास्तरीणबाईंनी मास्तरांचा शब्द परत उच्चारला असेल तर तो फक्त वेडावून दाखवण्यासाठी.

या सुरळीत संसारात पाहुणा शिरला तो मोबाइलमधून.

त्याचं असं झालं, की भारी सुटिंगच्या कापडाला काठावर बारीक अक्षरांत काही तरी विणलेलं असतं. हा काठ कोटात येत नाही; कापड बेतताना तो पहिल्यांदा कापून टाकायचा. मास्तरीणबाईंनी अशा पट्ट्या आजवर पोत्यांनी भरून फेकल्या होत्या. एक दिवस त्या एक पट्टी बोटाला गुंडाळून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपण आयुष्यभर हे लिहिलेलं कापून टाकतोय. पण लिहिलंय काय?"

"कापडाचं काही तरी असेल. दुसरं काय लिहिणार काठावर?"

"पण काय?"

लेकीला फोन गेला. लेक दूरच्या शहरात नोकरी करत होती आणि आईच्या प्रत्येक प्रश्नावर तिच्याकडे एक ॲप असायचं. अक्षरं इटालियन आहेत एवढं सांगून तिनं इटालियन शब्द शिकवणारं ॲप आईच्या मोबाइलवर कसं घ्यायचं ते तिथूनच सांगितलं. काठावरचा मजकूर निघाला: शुद्ध लोकर.

"ते मी नुसतं बोट लावून सांगितलं असतं," मास्तर म्हणाले.

प्रश्न सुटला होता, तेव्हा ॲपनंही आल्या वाटेनं निघून जायला हरकत नव्हती. पण ते राहिलं. दोऱ्याच्या रिळांची जी फळी मास्तरीणबाईंच्या डोळ्यांसमोर होती, तिच्यावर काळ्या आणि करड्या रिळांना टेकून मोबाइल उभा राहू लागला. बाईंची बोटं काज करायची आणि मोबाइलमधून एक पुरुष बोलायचा.

आता पुरुष म्हणजे नुसता आवाज. पण आवाज म्हणजे काय आवाज! खर्जातला, किंचित घोगरा, नुकतंच पोटभर जेवून आरामखुर्चीत बसलेल्या माणसाचा. तो म्हणायचा, "ला फिनेस्त्रा." आणि मास्तरीणबाई सुई थांबवून म्हणायच्या, "ला फिनेस्त्रा."

सुई थांबवून! मास्तरांच्या हातातला खडू पहिल्यांदा तिथेच मोडला.

परत म्हटल्यावर मोबाइल टुंग असा मंजुळ आवाज करायचा आणि तो गृहस्थ म्हणायचा, "ब्राविस्सिमा!" त्यावर मास्तरीणबाईंच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं, ते मास्तरांनी यापूर्वी पाहिलं होतं हे नक्की, पण कुठे आणि कधी हे आठवायला त्यांना बरंच मागं जावं लागलं, आणि पोचल्यावर फार बरं वाटलं नाही.

"काय म्हणतो हा?" त्यांनी दोऱ्याचं टोक शोधत असल्यासारखं विचारलं.

"फार छान म्हणतो."

"कोणाला?"

"मला. इथे दुसरं कोण आहे?"

"मी आहे."

"तुम्ही कुठं काय म्हणालात?"

मास्तरांनी मशीन चालवलं. मशीनचं पायडल ते एरवी सरळ मनानं मारत. त्या दिवसापासून पाहुण्यानं तोंड उघडायला आणि मशीन धडधडायला एकच गाठ पडू लागली. मास्तरीणबाई हाताच्या खुणेनं म्हणायच्या, "अहो, जरा थांबा ना, तो बोलतोय!"

तो बोलतोय. ज्या दुकानावर मास्तरांची पाटी, ज्या दुकानात मास्तर बोलताना गिऱ्हाइकानं श्वास धरायचा, तिथे मास्तरांनी थांबायचं, कारण तो बोलतोय.

शेजारच्या गाळ्यात एक इस्त्रीवाला होता. दुसऱ्याच्या कपड्यांवरच्या सुरकुत्या मोडण्यात त्याचा दिवस जायचा आणि दुसऱ्याच्या कपाळावर त्या पाडण्यात फावला वेळ. तो कोट घेऊन आला आणि उंबऱ्यावरच थबकला.

"मास्तर, वहिनी कोणाशी बोलतायत?"

"मोबाइलशी."

"माणसाचा आवाज आहे हो."

"माणसाचाच असणार. मोबाइल काय भुंकणार आहे?"

"नाही, म्हणजे..." इस्त्रीवाल्यानं कान दिला. "गोड बोलतो, नाही? आमच्या हिला काही मी हे ॲप दाखवणार नाही बुवा. माणूस तुमच्यासारखा मोठ्या मनाचा पाहिजे."

मास्तरांचं मन मोठं आहे ही बातमी खुद्द मास्तरांना नवी होती. त्यांनी त्या रात्रीच्या जेवणात मीठ नसल्याचं दोनदा सांगितलं. मीठ होतं.

पाहुणा घरीही यायचा. सकाळचा चहा मास्तर आणि मास्तरीणबाई समोरासमोर बसून घेत. आता मधोमध साखरेच्या डब्याला टेकून तो असायचा. पूर्वी चहाबरोबर कालची गिऱ्हाइकं निघायची, कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा पडला, कोण स्वतःला अजून बत्तीस कंबरेचा समजतो. आता बाई कप तोंडाला लावून मोबाइलकडे बघत हसायच्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "तुम्हाला नाही कळायचं, त्यांच्या भाषेत गंमत आहे."

त्यांच्या भाषेत! एका माणसाला आदरार्थी बहुवचन कधीपासून लागलं, हा विचार मास्तरांनी चहात बुडवून गिळला.

शेवटी मास्तरांनी ठरवलं, की शत्रूच्या गोटात शिरल्याशिवाय शत्रू काय बोलतो ते कळणार नाही. दुपारी बाई पाठ टेकायला घरी जात तेव्हा दुकान रिकामं असे. मास्तर ट्रायल रूममध्ये गेले. ट्रायल रूम म्हणजे कोपऱ्यातला एक आरसा, एक खुंटी आणि समोर जाड हिरव्या कापडाचा पडदा. पडदा ओढून, आरशाकडे पाठ करून, म्हणजे निदान स्वतःच्या तरी नजरेला नजर द्यायला नको, मास्तरांनी आपल्या मोबाइलवर तेच ॲप घेतलं.

ॲप मोठं चौकस निघालं. आपण इटालियन का शिकू इच्छिता? प्रवास, नोकरी, कुटुंब, बुद्धीला व्यायाम, इतर. संशय असा पर्याय नव्हता. मास्तरांनी 'इतर'वर बोट ठेवलं.

आणि मग तोच आवाज, थेट त्यांच्या तळहातावरून म्हणाला, "लोर्सो." खाली अस्वलाचं चित्र होतं.

मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पुटपुटले, "लोर्सो."

टुंग!

पुढच्या धड्यात अस्वल चहा प्यायलं. त्याच्या पुढच्या धड्यात अस्वलानं खिडकी, म्हणजे बाईंची ती ला फिनेस्त्रा, उघडली. मास्तर हबकले. हा माणूस तिला चंद्राबिंद्रावरचं काही सांगत असेल, डोळ्यांविषयी काही बोलत असेल अशी त्यांची तयारी होती. त्याला उत्तर म्हणून चार वाक्यंही त्यांनी मनात बेतून ठेवली होती. पण अस्वल? एक माणूस आपल्या बायकोला अस्वल चहा पितं असं सांगतो आणि ती खुलते! देखण्या माणसापुढे हरणं वेगळं, श्रीमंतापुढे हरणं वेगळं. अस्वलाच्या चहापुढे हरलेल्या नवऱ्यानं जायचं कुठे?

हेवा वाढला. दुसरं एक संकट असं, की मास्तरांना ते आवडू लागलं. टुंग झालं की छातीत बरं वाटायचं. चुकलं की ॲप एक रडका सूर काढायचं, तेव्हा मास्तरांना शाळा आठवायची. त्यात ॲपनं त्यांना सांगितलं, की आपण आज 'ब्राविस्सिमो' आहात. म्हणजे तो मलाही म्हणतो! सगळ्यांनाच म्हणतो! मास्तर दिवसभर या शोधावर खूश होते. संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आलं, की बाईंचा वाटा आपण खातोय असं आपल्याला वाटतंय, आणि त्यात आपल्याला मजा येतेय. मग ते स्वतःवरच थोडे नाराज झाले.

अशा नाजूक मनःस्थितीत दातांचे डॉक्टर कोटाचं माप द्यायला आले.

डॉक्टरांच्या मुलीचं लग्न होतं. कापड त्यांनी स्वतः पसंत करून आणलं होतं, गडद निळं, कोट-पँट आणि वर जाकीट निघेल एवढं. गावात ज्यांना ज्यांना दात होते ते सगळे डॉक्टरांसमोर कधी ना कधी आ वासून बसले होते, त्यामुळे डॉक्टरांच्या वागण्यात एक सहज अधिकार होता. मास्तरांसमोर हात पसरून उभे राहिले की मात्र तेही चारचौघांसारखे होत.

"खांदा अठरा."

"अठरा."

"छाती बेचाळीस."

"बेचाळीस."

मास्तरांनी फीत खांद्यावरून मनगटापर्यंत सोडली. "बाही साडेचोवीस."

फळीवरचा मोबाइल बंद करायचा राहून गेला होता. त्याच क्षणी तो खर्जात म्हणाला, "ला फिनेस्त्रा."

"ला फिनेस्त्रा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

बाईंचा आवाज ऐकला की मास्तरांचा हात आपोआप पुढे जायचा, तो गेला. फीत कोटाच्या लांबीवर पोचली तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की आपण कशावर पुढे आलो. त्यांचे कान तापले.

बाईंनी मोबाइल झटकन पालथा केला. "बाही किती म्हणालात?"

"काही नाही. चालू द्या तुमचं दोघांचं."

"अहो, माप..."

"लांबी एकोणतीस!" मास्तर इतक्या जोरात म्हणाले, की डॉक्टरांनी दचकून आपलं पोट आत घेतलं.

त्यानंतर कोट कापायच्या दिवसापर्यंत तो विषय दोघांनीही काढला नाही. कापायच्या दिवशी मास्तरीणबाईंनी चिठ्ठी पुढे केली. "बाहीचं माप नाही यावर."

"माझ्या डोक्यात आहे."

डोक्यात त्या वेळी फक्त खिडकी होती. एवढी मोठी, की साडेचोवीस तिच्यातून केव्हाच बाहेर पडून निघून गेले होते. विचारायचं तर डॉक्टरांना फोन करावा लागला असता, आणि डॉक्टरांना फोन करायचा तर बाईंच्या देखत करावा लागला असता. मास्तरांनी डोळे मिटून डॉक्टरांचा हात आठवला. तो त्यांना नेहमी जवळून दिसलेला, तोंडाशी येणारा, कोपरात दुमडलेला. त्या अंदाजानं त्यांनी खडू मारला आणि कात्री चालवली. कापड दुहेरी होतं, त्यामुळे दोन्ही बाह्या अगदी एकसारख्या झाल्या.

ट्रायलला डॉक्टरांनी कोट चढवला आणि हात पुढे केले. बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या होत्या.

डॉक्टरांनी आरशात पाहिलं. मग बाहेर येऊन मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, लग्न माझ्या मुलीचं आहे. मुंज माझी नाही."

मास्तर खाली वाकून टाचण्या शोधू लागले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "डॉक्टर, कोट काढून द्या. होईल नीट. फक्त जाकिटाचं कापड बाह्यांना जाईल."

"जाकीट जाऊ द्या. दिसतं तरी कुणाला." डॉक्टर पडद्याआड गेले.

पडदा पडल्याबरोबर मास्तरांनी दबक्या आवाजात तोंड उघडलं. "हे तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे? मी विचारलं होतं, बाही किती."

"विचारलंस कधी? त्याच्या मागून म्हणून झाल्यावर! इतकी वर्षं माझा आकडा कधी खाली पडला नाही. त्यानं खिडकी म्हटलं, तू खिडकी म्हणालीस."

"चुकले. एकदा चुकले. आणि इतकी वर्षं जे बरोबर म्हटलं त्याचं काय? एकदा तरी बरोबर म्हणालात?"

"बरोबरच असतं, तर म्हणायचं कशाला?"

"तो म्हणतो."

"तो सगळ्यांना म्हणतो! उंडगा मेला. मलाही म्हणाला!"

हे बोलल्यावर मास्तरांनी जीभ चावली, पण शब्द बाहेर गेले होते.

"माहीत आहे मला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुपारी घरून येते तेव्हा ट्रायल रूममधून 'लोर्सो, लोर्सो' ऐकू येतं. एकदा इस्त्रीवाला विचारत होता, मास्तरांना कसला त्रास होतोय म्हणून. अहो, तो पडदा आहे. भिंत नाही."

"ते खरं आहे," पडद्याआडून डॉक्टर म्हणाले.

दोघंही पडद्यापासून दोन पावलं लांब सरकली. मग मास्तर आणखी खालच्या आवाजात म्हणाले, "मला फक्त बघायचं होतं, तो तुला काय बोलतो."

"मग? काय बोलतो?"

"अस्वल चहा पितं म्हणतो."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावलं नाही.

"हसू नको. तू माझ्या मागून म्हणतेस म्हणून माझी फीत पुढे जाते. तू म्हटलंस की मी पुन्हा बघत नाही. दुसऱ्या कुणावर मी इतका... म्हणजे फीत पुढे जाते यातच आलं ना सगळं?"

"मला काय ठाऊक, फीत पुढे गेली म्हणजे शाबासकी असते!" बाई म्हणाल्या. "मी आपली समजायचे, घाई आहे."

मास्तरांनी फीत गळ्यातून काढली, दोन्ही हातांनी ताणली, पुन्हा गळ्यात घातली. असल्या प्रसंगी काय म्हणायचं असतं हे कुठल्याच धड्यात आलेलं नव्हतं. निदान ते पोचले होते तिथवर तरी.

डॉक्टर शर्टाच्या बाह्या सारख्या करत बाहेर आले. ते पडद्याकडे, मास्तरांकडे, बाईंकडे अशा क्रमानं पाहून काहीच न ऐकल्यासारखे उभे राहिले आणि त्यांनी आपण होऊन हात पसरले.

मास्तरीणबाईंनी मोबाइल फळीवरून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि चिठ्ठी पुढे ओढली. मास्तरांनी फीत खांद्याला लावली आणि मनगटापर्यंत सोडली. आकडा बघितला. घसा साफ केला.

"ला मानिका," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी मान वर केली. हा धडा पुढचा होता. अस्वलांच्या बराच पुढचा. तिथवर पोचायला बाईंना स्वतःला पुष्कळ काज लागले होते.

"बाही," मास्तरांनी डॉक्टरांच्या माहितीसाठी खुलासा केला. मग फितीवर नजर खिळवून, एकेक पायरी उतरत असल्यासारखे म्हणाले, "वेंती... क्वात्रो."

आणि थांबले. चोवीस झाले होते. वरचा अर्धा त्यांना येत नव्हता. पाहुण्यानं अजून अर्धं काहीच शिकवलं नव्हतं. त्याच्याकडची अस्वलं सगळी पुरती होती. डॉक्टरांचा हात हवेत कापू लागला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. साडेचोवीस म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते म्हणेनात.

"ए मेद्झो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"ए मेद्झो," मास्तर बाईंच्या मागून म्हणाले.

त्या दुकानात असं आजवर कधी झालं नव्हतं. फीत जागेवरच होती. बाईंनी चिठ्ठीवर साडेचोवीस उतरवले, शेजारची मोठी कात्री उचलली आणि तिची मूठ टेबलाच्या लोखंडी कडेवर हलकेच आपटली.

टण्ण!

मास्तरांचे कान पुन्हा तापले, पण या वेळी निराळ्या बाजूनं. ते फितीत तोंड लपवत पुटपुटले, "बरोबर." इतक्या हळू, की कंबरेचा आकडासुद्धा त्यांनी कधी इतक्या हळू सांगितला नव्हता.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं. त्यांना ऐकू आलं होतं.

"बरोबर म्हणालो. आता काय पाटीवर लिहू?"

"वा, वहिनी!" हात पसरलेले डॉक्टर मध्येच म्हणाले. "उच्चार काय सुरेख आहे हो तुमचा! मी शिकायला तिकडेच होतो. इतकं चांगलं बोलणारं माणूस आपल्याकडे मी पाहिलं नाही. त्यांच्याकडे दाताला काय म्हणतात माहीत आहे? देन्ते."

"देन्ते," मास्तरीणबाई सुई थांबवून म्हणाल्या.

"ब्राविस्सिमा!" डॉक्टर म्हणाले.

त्यांचाही आवाज खर्जातलाच होता. मास्तरांच्या हे इतके दिवस कसं ध्यानात आलं नव्हतं कोण जाणे. शिवाय मोबाइल निदान ड्रॉवरमध्ये टाकता येत होता.

मास्तरांनी फीत डॉक्टरांच्या छातीभोवती घातली. छातीचं माप आधीच घेतलेलं होतं आणि बरोबरही होतं, पण ती घातली, आणि लागते त्यापेक्षा थोडी जास्त आवळली.

"डॉक्टर," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "तोंड बंद ठेवा. माप बिघडतं."